खांबाला दिलेला वेढा

आपल्या शेताचे रक्षण करणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. परंतु त्या धर्माला एक काटेरी कड असते. ज्याच्या बांधावर जाळी उभी राहते, त्याच्या शेतापासून परतलेले रानडुक्कर काही उपाशी झोपत नाही. ते शेजारच्या उघड्या वावराकडे वळते. म्हणून कुंपण कुठवर न्यायचे हे ठरवताना मोजपट्टीपेक्षा विवेक अधिक लागतो.

मारेगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावी हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कापसाचे दिवस फिरले होते. अळी पडे, भाव पडे, आणि तरीही गाव पुन्हा कापूसच पेरी. बाहेरच्यांना ते वेड वाटे. कारण मात्र साधे होते. ज्वारी पेरली की डुकरे ताटे आडवी करीत, तूर पेरली की रोही, म्हणजे नीलगाई, शेंडे खाऊन जात. कापसाला त्या मानाने जनावरांचे तोंड कमी लागे.

तुळसाबाईने आपल्या तीन एकरांत शेवटची ज्वारी पेरली, त्याला सात वर्षे झाली होती. तेव्हापासून ती विकतच्या पिठाच्या भाकरी थापत होती. पण घरचे बियाणे तिने मरू दिले नव्हते. परसात दरवर्षी वीस-पंचवीस ताटे लावायची, कणसे वाळवायची आणि दाणे राखेत घोळून गाडग्यात ठेवायचे, हा तिचा नेम होता. शेजारणी हसत. "तुळसाबाई, पाखरायले जेवन घालून राह्यली का वं?"

"पाखरायचं पोट भरलं की उरलेलं माह्यं," ती म्हणे. "बी जित्तं पायजे. वावर काय, आज ना उद्या होईन."

त्या उन्हाळ्यात तो 'उद्या' जवळ आल्यासारखा वाटला. नऊ घरांनी आपल्या लागून असलेल्या शेतांभोवती मिळून एकच कुंपण घालायचे ठरवले. पुढाकार धर्मपालचा होता. तो तुळसाबाईचा धाकटा दीर, आणि नऊ जणांत ट्रॅक्टर त्याच्याकडेच होता. जाळीची बंडले आली, एकेक सव्वा क्विंटलाचे. चार गडी एक बंडल लोटताना घामाघूम होत, आणि उलगडलेली जाळी हात सुटताच पुन्हा गुंडाळून येई. मृग आठ दिवसांवर आला, तेव्हा धर्मपालने मारेगावहून शब्बीर मिस्त्रीला बोलावले.

शब्बीरने एक दिवस बंडलाकडे नुसते पाहण्यात घालवला. मग त्याने ट्रॅक्टरच्या मागे अडकवायची लोखंडी चौकट जोडली, तीवर मोडीतल्या ट्रॉलीच्या चाकाचा हब, म्हणजे ज्यावर चाक फिरते तो मधला भाग, बसवला आणि हबावर बोअरच्या जुन्या पाइपाचा उभा दांडा. बंडल दांड्यावर उभे करायचे, जाळीचे टोक पहिल्या खांबाला बांधायचे आणि ट्रॅक्टर हळू पुढे न्यायचा. बंडल आपोआप फिरे आणि जाळी मागे उभी होत जाई. सपाट रानातले काम तीन दिवसांत उरकले. मारोती नावाचा एक शेतकरी सारखा म्हणत होता, "शब्बीरभाई, याले भाकरी बी थापाले शिकवा!"

चौथ्या दिवशी तुळसाबाईचे शेत आले. ते नऊ शेतांच्या टोकाला, नाल्याकडे उतरत गेलेले. उतारावर धर्मपालने ट्रॅक्टरचा वेग कमी केला, पण दांड्यावरचे बंडल आपल्याच वेगात फिरत राहिले. जाळीचे वेढे भसाभस सैल सुटले आणि तारेचे टोक उसळून मारोतीच्या दंडात घुसले. जखम खोल नव्हती. भीती मात्र खोल गेली.

माणसे बांधावर बसली. कोणीतरी म्हणाले, "उतार सोडून देऊ. वरूनच कुंपण वळवू."

धर्मपालने मान खाली घातली. "वहिनी, यंदा वरूनच घेतो. पुढच्या साली पाहू."

तुळसाबाईला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. आठ शेते बंद झाल्यावर रानातले प्रत्येक डुक्कर तिच्याच तीन एकरांत उतरणार होते. परसातली ताटेही मग तिने कशासाठी लावायची? पण तिने दिराशी वाद घातला नाही. ती उठून चौकटीपाशी गेली आणि हाताने हब फिरवून पाहू लागली. तो भोवऱ्यासारखा गरगरत राहिला.

"शब्बीर," ती म्हणाली, "तुह्यं यंतर सोडते झकास. पन धरत नाई."

शब्बीर तीन दिवसांच्या कौतुकावरून नुकताच खाली आला होता. तो जरा चिडून म्हणाला, "काकू, बेअरिंग नवी हाये. फिरनारच न!"

"फिरू दे न बापा. विहीर बांधाच्या कामावर रेतीनं भरली बादली खाली सोडतो, तवा आमी बाया काय करतो? दोर खांबाले एक वेढा देतो अन् शेपूट हातात धरतो. बादली जाते, पन आमच्या मनानं जाते."

शब्बीरने कपाळावर हात मारला. मग मोटारसायकल काढली आणि मारेगावचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हबावर ट्रकच्या जुन्या टायरातून कापलेल्या पट्ट्याचा एक वेढा होता. पट्ट्याचे एक टोक चौकटीला पक्के होते, दुसरे एका लोखंडी दांडीला. दांडीला वजन टांगले की पट्टा हबाला आवळून धरी. पहिला दगड भारी झाला. बंडल अडले आणि ताणाने खांबच कलला. दुसरा हलका पडला. तुळसाबाई घरी गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली.

"वहिनी, अन् मंग चटनी कायनं वाटता?" दंडाला फडके बांधलेला मारोती ओरडला.

"कुंपन होईस्तोर तुमी कोरडी भाकर खा!"

वरवंटा बरोबर बसला. धर्मपाल ट्रॅक्टर घेऊन उतरू लागला. तो थांबला की बंडलही थांबे, तो निघाला की तेही निघे. नाल्याच्या काठी पोचल्यावर धर्मपालने मागे वळून पाहिले. जाळी उतारावर सरळ, ताठ उभी होती. "वहिनी," तो म्हणाला, आणि खाली उतरून काठावरच्या खांबासाठी त्याने स्वतः पहार उचलली.

काठावर खांब रोवायची वेळ आली, तेव्हा तुळसाबाईने दहा पावले मागे येऊन टाच रुतवली. "इथून घ्या."

"काहून? तुमचीच जागा जाऊन राह्यली न!" धर्मपाल म्हणाला.

"जाऊ दे. त्या जनावरायले पानी प्याले वाट पायजे. भाकर अडवली आपन, पानी कायले अडवाचं?"

मृगाच्या आदल्या दिवशी कुंपण पुरे झाले. तुळसाबाईने गाडग्याचे तोंड सोडले, यंदा अर्ध्या एकरापुरते बी बाजूला काढले आणि उरलेले आठ घरी मूठमूठ वाटले. शब्बीर निघाला, तेव्हा त्याच्या रुमालातही एक मूठ बांधून दिली. "तुह्या घरी परस असन न?"

ज्याने चौकट जोडली, त्याच्या हाताला यश असो. जिने वेढा दाखवला, तिच्या चुलीवर घरच्या ज्वारीची भाकरी फुगो. जाळीच्या आत नऊ घरांचे धान्य नांदो, आणि जाळीबाहेरच्या मुक्या जिवांना नाल्याचे पाणी पुरो.