समुद्राकाठचा फ्लॅट

औशाच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उमाशंकर पुन्हा तोच नंबर लावत होता. फोन कानाला, दुसरा हात समोरच्या सीटच्या दांडीवर. पलीकडून तोच गोड आवाज आला, की आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता तो क्रमांक बंद आहे. त्यानं फोन शर्टच्या खिशात टाकला आणि लगेच परत काढला.

खिडकीशी शिवकांता बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"लागंना का?"

"झोपला असंल. तिकडची माणसं निवांत असत्यात."

हे बोलताना त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. सोलापूर, तिथून कोल्हापूर, तिथून मालवण असा लांबचा पल्ला होता आणि लातूर सोडून अजून तासही झाला नव्हता. तिथं सुट्टीपुरत्या घेतलेल्या फ्लॅटच्या मालकानं कबूल केलं होतं, की निघायच्या दिवशी पत्ता आणि किल्ली कुणाकडे ठेवलीय ते कळवतो. मालक स्वतः दुबईला असतो, किल्ली शेजाऱ्याकडे असते. बोलणं मात्र इतकं अदबीचं, की उमाशंकरला त्याला उलट काही विचारायचा संकोचच वाटला होता.

लातूरच्या गोलाई बाजारपेठेत उमाशंकरचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं जुनी भांडी मोडीत विकायला आणली, तर घागर बोटानं वाजवून तो पितळ किती आणि मिलावट किती ते सांगायचा. त्याला कुणी फसवल्याचं बाजारात कुणाला आठवत नव्हतं. श्रावणात त्याची आई कमलम्मा, घरातल्या सगळ्यांची अव्वा, गेली. लकवा होऊन ती नऊ वर्षं अंथरुणावर होती, आणि त्या नऊ वर्षांत शिवकांता माहेरीसुद्धा मुक्कामाला गेली नव्हती. दिवाळीनंतर एकदा दुकानात बसल्या बसल्या फोनवर ती जाहिरात दिसली. समुद्राकाठी फ्लॅट, गॅलरीत झोपाळा, आज संध्याकाळपर्यंत बुकिंग केल्यास निम्मा दर. त्यानं कुणालाच विचारलं नाही. सगळे पैसे आगाऊ पाठवले आणि घरी जाऊन शिवकांताला फोटो दाखवले. ती फोटो बघत राहिली, मग म्हणाली, "बरं." तिला आनंद झाला असं तो धरून चालला.

फोन वाजला. नाव मात्र अक्षराचं होतं. त्यांची लेक नांदेडला कॉलेजात शिकवायची. रात्रीच त्यानं तिला कौतुकानं त्या साइटची लिंक पाठवली होती.

"अप्पा, कुठपर्यंत गेलात?"

"औसा."

"मग उतरा तिथंच. अप्पा, ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"तो फ्लॅट. असा फ्लॅटच न्हाई. बैठकीचा फोटो मी शोधून बघितला, तो दुसऱ्या कोणत्या देशातल्या हॉटेलाचा हाय. नकाशात पत्ता टाकला तर खाडीच्या पाण्यात येतो. खालचे अभिप्राय बघितले का तुम्ही? नावं येगळी न् वाक्यं तीच, एकाच दिवशी टाकलेली. साइटच मागच्या महिन्यात तयार झालीय. आता तर उघडतसुद्धा न्हाई." ती दम घ्यायला थांबली. "पैसे कुठं पाठवले? साइटवरच भरले का माणसाच्या खात्यात?"

"माणसाच्या."

"साइटवरून घेतले तर कर पडतो म्हनला असंल."

तो माणूस अगदी तेच म्हणाला होता.

"अप्पा, तुम्ही मला एक फोन करायचा होता. पैसे पाठवायच्या आदी, एकच."

"हाव," तो म्हणाला. "ठेवतो."

कंडक्टर चहा पिऊन परत येत होता. सोलापूर, सोलापूर, अशी त्याची हाक गाडीभोवती फिरली. उमाशंकर फोन हातात धरून समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत राहिला. बायकोला सुरुवात कुठून करून सांगावं, हे त्याला सुचेना.

"ऐकू आलं मला," शिवकांता म्हणाली. "उतरू."

दोन बॅगा आणि एक पिशवी घेऊन ते फलाटावर उतरले. गाडी गेली. जिथं ती उभी होती तिथं ऊन आलं. एका बाकड्यावर जागा होती, तिथं दोघं बसले.

"लातूरची गाडी इतक्यात लागंल," उमाशंकर म्हणाला. "दुपारच्या आत घरी पोचू. कुनाला काही सांगू नगं. तब्येत बिघडली म्हनू."

"न्हाई."

"मग काय सांगायचं?"

"सांगायचं काही न्हाई. मला घरीच जायचं न्हाई."

तिला गल्लीतल्या बायकांची लाज वाटत असेल, असं त्याला वाटलं. निघताना दोघी-तिघी दारात येऊन शिंपले आणायला सांगून गेल्या होत्या.

"मग नांदेडला जाऊ. अक्षराकडं."

"तिथंबी सैपाकघर हाय," शिवकांता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती रस्त्यापलीकडच्या एका पाटीकडे बघत होती. खाली खानावळ, वर लॉज. "तिथं खोली मिळती का बघा."

"औशात? अगं, घर इथून..."

"बघा तर."

लॉजचा मॅनेजर ईश्वरप्पा पंच्यानं मान पुसत बसला होता. त्यानं दोघांची आधार कार्डं घेतली, एकदा कार्डांकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"लातूरचेच हाव की तुम्ही."

"हाव."

"मग मुक्कामाला इथं कामून? कोर्टाचं काम का लग्न हाय कुनाचं?"

उमाशंकरनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं जिभेवर येत नव्हतं.

"थकलोत," शिवकांता म्हणाली.

ईश्वरप्पानं आणखी काही विचारलं नाही. मागच्या बाजूची खोली दिली. तिकडं गाड्यांचा कालवा कमी येतो, म्हणाला.

खोलीत एक पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची आणि हिरव्या रंगाची भिंत होती. खिडकीतून कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली तूर दिसत होती. शिवकांतानं गादीवरून हात फिरवला, चादर झटकली, चपला भिंतीशी नीट लावल्या आणि पलंगावर बसली. मग आडवी झाली. "पंखा जरा कमी करा," एवढं म्हणाली. तो पंखा कमी करून वळला तोवर तिला झोप लागली होती.

उमाशंकर खुर्ची घेऊन बाहेरच्या गॅलरीत बसला. अक्षरानं तक्रारीचा नंबर पाठवला होता, १९३०. बऱ्याच वेळानं एका मुलीनं फोन उचलला. ती नीट, सावकाश विचारत होती. मालकाला भेटलात का? न्हाई. व्हिडिओ कॉल करून घर बघितलंत का? न्हाई. ओळखीच्या कुणाला त्या गावात चौकशी करायला सांगितली होती? न्हाई. तुम्हाला घाई करत होता का? हाव. भाडं आजूबाजूच्या मानानं फार कमी होतं का? त्याला दुकानातलं एखादं गिऱ्हाईक आठवलं, हलकं भांडं स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊन जाणारं.

"हाव," तो म्हणाला. "लई कमी होतं."

तिनं तक्रार नोंदवून घेतली. पैसे परत येतील असं मात्र ती म्हणाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

तो आत आला. जेवायला उठवावं म्हणून पलंगाजवळ गेला आणि तिथंच थांबला. शिवकांताला दिवसा झोपलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकल्या होत्या. त्यानं उठवलं नाही. खुर्ची आत आणून तो भिंतीशी बसला.

काही वेळानं तिचा हात हलला. डोळे मिटलेलेच होते. ती कोपरावर अर्धी उठली, पलंगाच्या कडेपलीकडे दोन्ही हात लांबवले आणि हवेतलं काहीतरी आपल्याकडे ओढलं. जपून, जड वस्तू ओढावी तसं. मग तिथंच दोनदा थोपटलं आणि पुन्हा आडवी झाली.

स्वप्न पडलं असेल, असं त्याला वाटलं. पण दुपार कलल्यावर तिनं पुन्हा तेच केलं. तेच हात, तेच थोपटणं. या खेपेला ओठही हलले. "झालं, अव्वा, झालं," असं ती पुटपुटली.

उमाशंकर खुर्चीत ताठ झाला. अव्वाला ठरावीक वेळानं, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवत जा, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. ते बोलणं त्यानंच ऐकलं होतं आणि घरी येऊन त्यानंच शिवकांताला सांगितलं होतं. मग सकाळी दुकान उघडायचं असतं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. अव्वा गेली तेव्हा तिला आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या होत्या, नऊ वर्षं पडून असलेल्या बाईच्या पाठीवर एक ओरखडा नाही. ते ऐकून त्याची मान वर झाली होती. पुढं कितीतरी जणांना त्यानं ते सांगितलंही होतं, आमच्या घरात असं होतं म्हणून.

तो पलंगाकडे बघत बसून राहिला. खाली कुणीतरी कांदा परतत होतं.

ती जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुठं आहोत हे तिला क्षणभर कळलं नाही. मग तिनं भिंतीचा हिरवा रंग पाहिला आणि उशीवर डोकं परत टेकवलं.

"सैपाकाचं काय?" तिनं विचारलं आणि स्वतःच हसली.

खालून चहा आणि भजी आली. पलंगावर वर्तमानपत्र पसरून दोघं खायला बसले. उमाशंकरला काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलायचं ते जवळ येईना, म्हणून त्यानं तक्रारीचं काढलं. त्या पोरीनं काय काय विचारलं, अक्षरानं काय काय शोधलं. फोटो दुसऱ्या देशातला, नकाशा पाण्यातला.

"आपल्याला कुठून कळनार हे," तो म्हणाला. "अक्षरासारखं शिकलेलं मानूस पाहिजे."

शिवकांतानं भजं मोडलं, त्यातली मिरची काढून बाजूला ठेवली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते घर खरं न्हाई म्हनून. तुम्ही फोटो दाखवले तवाच. बैठकीत लाल फरशी, सैपाकघरात पांढरी, झोपायच्या खोलीत लाकडाची. खिडक्याबी येगळ्या. एका खिडकीतून तर डोंगरावर बर्फ दिसायलता. मालवणला बर्फ पडतो का?"

त्यानं तो फोटो आठवून पाहिला. त्याला फक्त झोपाळा आणि समुद्र आठवला.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"पैसे तर आदीच दिलते तुम्ही."

"तरीबी. इतक्या लांब जायचं, तिथं रात्री कुठं उभं ऱ्हायलो असतो?"

"ते बघितलं असतं तिथं." तिनं हात पदराला पुसले. ती त्याच्याकडे नाही, दाराकडे बघत बोलत होती. "बोलले असते तर तुम्ही रद्द केलं असतं. म्हनला असता, पुढच्या वर्षी जाऊ. गाडीत बसलोच नसतो आपन."

समोरच्या स्टँडवर एक गाडी लागली. कंडक्टरनं निलंग्याचा पुकारा केला.

रागवावं असं उमाशंकरला क्षणभर वाटलं. पण राग कुठं ठेवावा ते सापडेना. त्याच्या पेल्यात चहा उरला होता. तो त्यानं तिच्या बशीत ओतला.

"गार झालाय," ती म्हणाली, आणि प्यायली.

रात्री तिनं लवकर दिवा घालवायला सांगितला. सकाळी तो उठला, तोंड धुतलं, खाली जाऊन चहा पिऊन आला, तरी ती झोपलेलीच होती. उन्हाची तिरीप तिच्या पायांवर आली होती. त्यानं खिडकीचा पडदा ओढला. पडदा तोकडा पडला, म्हणून खुर्चीवरचा टॉवेल अडकवला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यानं घाईनं उचलला आणि दाराबाहेर जाऊन, दार पुढं ओढून उभा राहिला. शेजारच्या दुकानाचा बसवराज होता.

"काय शेठ, समुद्र कसा हाय? एकबी फोटो न्हाई तुमचा."

"बसवराज, आम्ही औशाला हावोत."

"कुठं?"

"औशाला. स्टँडसमोर लॉजवर. तो फ्लॅट खोटा निघाला. फसवलं मला."

मग बसवराज हसायला लागला, आणि उमाशंकर हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबला.

"तुला फसवलं? आरं, मग तिथं काय करायलास? घर तर हाकेवर हाय. पोराला मोटारसायकल देऊन पाठवू का?"

"नगं."

"मग यायलास कधी?"

उमाशंकरनं दाराच्या फटीतून आत पाहिलं. टॉवेलमुळं पलंगावर सावली पडली होती. त्यानं आवाज आणखी खाली आणला.

"ती झोपलीय. उठली की इचारतो."