धक्क्यावरची फुलं

मिठात मुरवलेलं फूल गरम पाण्यात पडलं, आधी तळाशी जाऊन बसलं, आणि मग एकेक पाकळी सोडवत, अंग सैल करत, वर येऊन तरंगायला लागलं – गेल्या वसंतात तोडलेलं, वर्षभर बरणीत दडपून ठेवलेलं साकुराचं फूल, आणि आत्ता बघावं तर जणू झाडावरच आहे. मित्सुए कपात बघत राहिली. घोट घ्यावासा वाटेना. असलं पाणी लग्नकार्यात देतात... नवऱ्याला, गेन्झोला, जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. पण कप वन्संनीच पुढे केला होता. तोकुवन्संनी, गेन्झोच्या थोरल्या बहिणीनं.

"घे. घशाला बरं असतं," त्या म्हणाल्या. "आज गायचंय ना तुला."

म्हणजे त्यांच्या कानावर गेलं होतं तर. गल्लीतले लोक दर वसंतात नदीच्या बांधावर फुलांखाली बसायला जातात. यंदा दुखवटा सांगून टाळता येईल असं मित्सुए धरून चालली होती, कुणी विचारलंच तर वन्संचं नाव पुढे करता येईल, असंसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं तिनं – आणि वन्संच ठेवणीतली छत्री घेऊन दारात उभ्या होत्या. त्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. गेल्या ऑक्टोबरात स्टेशनवरसुद्धा कळलं नव्हतं.

बांधावर चटया पसरलेल्या होत्या. तोफूच्या दुकानातली माकिए लांबूनच ओरडली, "या या, मित्सुएताई! कुरातामास्तर, सरका की जरा. तुमच्या त्या पेटीला वेगळी चटई लागते का?"

"पेटीला नाही, पोटाला लागते," मास्तर अ‍ॅकॉर्डियन मांडीवर ओढून घेत म्हणाले, आणि सगळे हसले, मित्सुएही हसली, आणि हसताना तिनं चोरून वन्संकडे पाहिलं. ही सवय नवी होती. हसण्याआधी, जेवताना दुसऱ्यांदा भात घेण्याआधी, उन्हात वाळत घातलेल्या गादीत तोंड खुपसून वास घेण्याआधी... आधी कुणी बघतंय का ते बघायचं.

वर फुलं अगदी गच्च होती, एकही अजून गळत नव्हतं. पण गाण्यांत ती गळतातच. बालपणापासून ऐकलेलं एकेक गाणं तिनं मनातल्या मनात तपासलं – शाळा सुटताना गळतात, गाडी सुटताना गळतात, होडी सुटताना गळतात, शिपाई निघाले की मुठी-मुठीनं गळतात. गेन्झो चिडायचा. त्याच्या दादाला स्टेशनवर असंच फुलांचं गाणं म्हणत, झेंडे हलवत पोचवला होता, आणि तो परत आला नाही. 'फुलं गळतात, त्यात गाण्यासारखं काय आहे?' म्हणायचा, दाभणात दोरा ओवत. गवताच्या चटया शिवायचा तो. हातांना नेहमी हिरवा वास. ती रियाझाला बसली की दुकानाचं मधलं दार ओढून घ्यायचा. रागानं नाही. सावकाश, आवाज न करता ओढायचा, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"धक्क्यावरच्या फुलांचंच म्हणा हं," माकिए भाताचा गोळा तिच्या हातात कोंबत म्हणाली. "अहो, त्या दिवशी रेडिओवर ऐकलं ना, काटा आला माझ्या अंगावर. मी आमच्या यांना म्हटलंसुद्धा नंतर – तिला आतून कळलं असणार, नवरा चाललाय ते. त्याशिवाय का आवाज असा लागतो!"

"लागत नाही," मास्तर गंभीर होऊन म्हणाले.

मित्सुएनं मान खाली घातली. लोकांनी त्याचा अर्थ दुःख असा घेतला.

कळलं नव्हतं. काही काही कळलं नव्हतं... जिल्ह्याच्या शहरातला गाण्याच्या स्पर्धेचा तो मोठा हॉल, डोळ्यांवर येणारे दिवे, समोर नुसता काळोख आणि त्या काळोखातून येणारा माणसांचा श्वास – आणि पहिल्या ओळीलाच आवाज असा सुटला, बांध फुटून पाणी निघावं तसा. तिनं काही केलंच नाही, फक्त वाट दिली. 'फुलं झडली, होडी सुटली, धक्क्यावर मी आणि वारा...' शब्द सगळे रडण्याचे आणि आत दुःखाचा लवलेश नाही. होता तो आनंद. उभ्या जन्मात तशी सुखी ती कधी झाली नव्हती. लग्नात नाही, कधीच नाही. आणि त्याच वेळी घरी गेन्झो अर्धवट शिवलेल्या चटईवर पालथा पडला होता, आणि शेजारी रेडिओ चालू होता.

परतीच्या गाडीतून उतरताना ती हसत होती. बक्षिसाचा चषक कापडात बांधून छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात मिठाईचा डबा, आणि फलाटावर एप्रनमध्येच उभ्या असलेल्या वन्सं. ते हसू त्यांनी पाहिलं. ते पुसायला एक क्षण लागला, आणि तेवढा क्षण त्यांनी पाहिला.

पण त्याच्याही आधीचं – सकाळचं – ते कुणी पाहिलं नव्हतं. ती दारात उभी, किमोनो नेसून, कंबरपट्टा माकिएकडून घट्ट आवळून घेतलेला. आणि गेन्झो न्याहारीवरून उठता उठता थांबला, हात छातीवर ठेवला, चोळला, चेहरा जरा राखेसारखा झाला. तिला दिसलं. चपलेत पाय घालता घालता तिला ते स्पष्ट दिसलं, आणि तिनं चपलेकडे बघितलं. काय करायला हवं होतं मी? 'बरं नाही का?' एवढं विचारलं असतं तर तो 'काही नाही' म्हणाला असता... नक्की म्हणाला असता. पण कदाचित म्हणाला नसता. आणि तो 'म्हणाला नसता' तिला त्या दिवशी नको होता.

अ‍ॅकॉर्डियनचे पहिले सूर वाजले. लोक गप्प झाले. मित्सुए उठून उभी राहिली.

तिनं ठरवलं होतं – नीट गायचं नाही. नुसतं म्हणून टाकायचं, बिनजिवाचं, अंगणात पाणी मारावं तसं. पण पोटातून श्वास आपोआप वर आला, पहिली ओळ त्या श्वासावर अलगद बसली, आणि तेच सुरू झालं... तोच मोकळा, बेशरम आनंद, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं! ती घाबरली. 'होडी सुटली'वर तिनं मुद्दाम आवाज चिरकू दिला, 'वारा'वर हुंदक्याची हरकत घेतली – ती घ्यायची कशी हे गाणं शिकवणाऱ्या बाईंनी वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं – शेवटची ओळ तर अर्ध्यातच सोडली. माकिए पदरात तोंड घालावं तशी एप्रनमध्ये तोंड घालून रडत होती. मास्तरांनी चष्मा काढला. वन्सं डबे आवरत होत्या.

परत निघाल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बांध संपून भातखाचरांची वाट लागली, गल्लीचा गलबला मागे पडला.

"आज वाईट गायलीस," वन्सं म्हणाल्या.

मित्सुएनं वाटेतला खडा पायानं बाजूला सारला.

"रडकं. त्या दिवशी तसं नव्हतं."

"नाही," मित्सुए म्हणाली, आणि मग, थांबवता न आल्यासारखी, "त्या दिवशी छान झालं होतं, वन्सं. फार छान झालं होतं." बोलून झाल्यावर तिचे कान तापले. आता काहीतरी येईल, इतके महिने जे यायचं राहिलंय ते आता येईल...

वन्संनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "माहीत आहे मला. मी ऐकलं. दुपारी त्याच्यासाठी शिजवलेला भोपळा घेऊन आले, तर दुकानात रेडिओ चाललेला. तुझं नाव सांगितलं त्यांनी. म्हटलं, आता आत गेले तर हा बोलत बसेल, गाणं ऐकू द्यायचा नाही. अंगणातच उभी राहिले. पार संपेपर्यंत. टाळ्यासुद्धा ऐकल्या." वाटेत साचलेलं पाणी त्यांनी ओलांडलं. "मग आत गेले."

खाचरातल्या पाण्यात एक बगळा पाय उचलून उभा होता, तो उडाला.

"डॉक्टर म्हणाले, फार वेळ झाला नसावा," वन्सं म्हणाल्या. "कुणालाच विचारलं नाही मी, फार वेळ म्हणजे किती."

मित्सुएला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आपला हात त्यांच्या हाताजवळ नेण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, तेच तिला कळेना.

"सकाळी तू निघताना," वन्सं तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "काही म्हणाला होता का तो?"

"म्हणाला, जा. गाडी चुकेल."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरा. वन्संच्या चेहऱ्यावर, ओठांच्या कडेला, काहीतरी सैल झालं. पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता आलं. "तसाच होता," त्या म्हणाल्या. "मेला, गाडी काय, बस काय, सगळ्यांना वेळेच्या आधी हाकलायचा." आणि त्या हसल्या, नाक ओढलं, आणि जरा झपाझपा चालायला लागल्या.

मित्सुए मागून चालत राहिली. आजवर तिला वाटायचं की राहिलेलं, छातीवरच्या त्या हाताचं, सांगायला गेलं तर घसा बंद होईल, म्हणून सांगता येत नाही. पण घसा बंद नव्हता. स्वच्छ होता, मोकळा, हवं ते वाक्य त्यातून आत्ता, या पावलाला, न अडखळता बाहेर पडलं असतं. म्हणजे सांगता येत नाही असं नव्हतंच कधी. ती सांगत नव्हती. ते वन्संसाठी, की स्वतःसाठी... पुढे वन्संची पाठ, थोडी वाकलेली, आज कधी नव्हे ती हलकी दिसणारी. त्या पाठीकडे बघत ती चालली होती, त्यांना गाठावं की मागेच राहावं हे न ठरवता, आणि दोघींमधलं अंतर कमीही होत नव्हतं, वाढतही नव्हतं.