धक्क्यावरची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. खोकी भरणाऱ्या एका कारखान्यात मालाच्या गाड्या जिथे पाठ लावून उभ्या राहतात, त्या धक्क्याच्या कडेला माझा मुक्काम असतो. धक्का माणसाच्या छातीइतका उंच आहे. गाडी लागली की मला काढायचे, गाडी गेली की पुन्हा लावायचे, एवढेच माझे काम.

मी नवी होते तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. बाहेरचे कुणी आले की मालक कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवत. काय माझा तोरा होता तेव्हा! पुढे काम वाढले, घाई वाढली आणि मी बहुतेक वेळ खांबालाच लोंबकळू लागले.

माल चढवणाऱ्या एकाला सगळे पैलवान म्हणत. माणूस लाखातला, पण सदा घाईत. त्या दुपारी गाडी लवकर भरून निघून गेली. "राहू दे, आत्ता दुसरी लागेल," असे म्हणत तो पाणी प्यायला गेला.

तेवढ्यात पॅकिंगमधल्या वहिनी खोक्यांची हातगाडी ओढत आल्या. जड हातगाडी उलट्या पावलीच ओढावी लागते. मागे रोजची गाडी उभी असेल, या भरवशावर त्या मागे मागे येत राहिल्या. मित्रांनो, मला ओरडता येत नाही हो! वहिनी खाली कोसळल्या, तेव्हा दुसरी गाडी फाटकातून आत शिरतच होती.

पैलवानानेच चौघांना हाका मारून वहिनींना फळीवर उचलून नेले. खुब्याचे हाड मोडले होते.

"बाईने मागे बघायला नको का?" सुपरवायझर म्हणाला.

"त्यांना बोलू नका साहेब. साखळी मी लावली नव्हती," पैलवान म्हणाला.

वहिनींना पुन्हा चालता येईल की नाही, हे कितीतरी महिने कुणालाच सांगता येईना. अखेर एक दिवस त्या काठी टेकत आल्या. आता त्यांना बसूनच काम करावे लागणार होते. पण आधी त्या थेट माझ्याकडे आल्या. धक्का रिकामा होता आणि मी लोंबकळत होते. त्यांनी मला ओढून माझा आकडा समोरच्या कडीत अडकवला.

पैलवान ओशाळून उभा होता.

"भाऊ, तुम्ही मला उचललंत, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण हिला लावलं असतंत, तर उचलायची वेळच आली नसती."

मित्रांनो, माझा रंग उडाला तर उडू द्या, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण गाडी गेली की मला लावा आणि मगच पाणी प्यायला जा.