आठ जणांचे सहाशे चाळीस किलो

आमच्या बाबांनी तेहतीस किलो वजन उतरवलं, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात रस्सीखेचीच्या संघातून ते जवळजवळ बाहेर गेले होते.

बाबा, म्हणजे बर्नार्ड टिंडल, डर्बीशायरच्या डोंगरातल्या आमच्या कार्सले गावात धुरांडी साफ करतात. संघात वर्षानुवर्षं ते शेवटचे गडी. आठ जणांच्या रांगेत सगळ्यात मागे उभं राहायचं, दोर पाठीवरून खांद्यावर घ्यायचा आणि हलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. वजन होतं एकशे एकेचाळीस किलो. ते त्या जागेसाठीच जन्मले आहेत असं गाव म्हणायचं, आणि बाबांनाही ते पटलेलं होतं.

मग गेल्या ऑक्टोबरात स्पर्धेत वजनाचे गट आले. आमच्या गटाला मर्यादा आठ जणांचे मिळून सहाशे चाळीस किलो. संघाचा कप्तान क्लाइव हॉबसन याच्या गोठ्यात गुरं तोलायचा काटा आहे. आठही जण एकमेकांच्या कमरेला धरून त्यावर चढले. आकडा आला सहाशे सहासष्ट.

"सव्वीस जास्त," क्लाइव म्हणाला आणि बाबांकडे पाहू लागला.

"मी काय केलं?" बाबा म्हणाले.

"मी काही बोललो का?"

"बोलला नाहीस, पण बघतोयस."

"बघू नको तर काय करू, बर्नी? तू उभा असलास की दुसरं काही दिसतच नाही."

हशा झाला. बाबाही हसले. मग क्लाइव जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, जुलैच्या मेळाव्यापर्यंत सव्वीस किलो. नाहीतर तुझ्या जागी राखीव गडी कॉलिनला घ्यावं लागेल. ग्लेनिसच्या गटात जा ना. अर्धं गाव जातं."

ग्लेनिस ही क्लाइवची बायको. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात ती वजन उतरवणाऱ्यांचा गट चालवते. तिथे प्रत्येकाने काट्यावर चढायचं, मग रांगेत बसायचं, आठवड्यात काय खाल्लं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि आकडा खाली आला असेल तर टाळ्या.

"मी नाही जाणार," घरी येताना बाबा म्हणाले.

"टाळ्यांची लाज वाटते?" मी विचारलं.

"टाळ्यांचं काही नाही गं. तिथे खरं सांगावं लागतं. मी काय सांगू? सोमवारी मिसेस ऑलसॉपकडे कॉफी केकचे दोन तुकडे खाल्ले? त्या समोर बसलेल्या असतात. ईस्टरपासून पिठाला हात लावला नाही म्हणून टाळ्या घेतल्यात त्यांनी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. केक कापता कापता."

धुरांडी साफ करणारा माणूस थेट बैठकीच्या खोलीत येतो आणि स्वयंपाकघराच्या दारातून आतलं सगळं त्याला दिसतं. गटातल्या बायकांपैकी कोण कोण घरी केक भाजतं, हे गावात फक्त बाबांना माहीत होतं. ते गटात गेले असते तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर अख्खा गट उघडा पडला असता.

हे केकचं प्रकरण आई गेली त्या वर्षापासूनचं. तेव्हा लोकांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते बाबांपुढे चहा आणि केक ठेवू लागले. पुढे बाबा सावरले, हसू-बोलू लागले, पण केक थांबवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. दिवसाला चार-पाच घरं, आणि प्रत्येक घरी एक तुकडा, आग्रह झाला तर दोन.

मी रसायनशास्त्र शिकून नुकतीच घरी परतले होते आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. आपण घरच्या घरी करू, मी म्हणाले. आठवडाभर बाबा जे खात-पीत होते ते सगळं मी मांडलं. घरचं जेवण अगदी साधं निघालं. चहातली साखर आणि लोकांचे केक एवढं बाजूला काढलं, तर उरलेल्या खाण्यावर एकशे एकेचाळीस किलोचा माणूस त्या वजनावर टिकूच शकला नसता. मला फार आनंद झाला. बाबांना झाला नाही.

"म्हणजे केकला नाही म्हणायचं?"

"हो."

"ते जमायचं नाही. मिसेस ऑलसॉप रडतील."

"मग घ्या, पण तिथे खाऊ नका. घरी जाऊन निवांत खातो म्हणायचं आणि कागदात गुंडाळून न्यायचं."

ते त्यांना जमलं. चहा बिनसाखरेचा झाला. गावातल्या कामांना ते व्हॅनऐवजी हातगाडीवर ब्रश आणि काठ्या टाकून चालत जाऊ लागले, आणि आमच्या गावात कुठलंही घर एक तर चढावर असतं नाहीतर उतारावर. पहिल्या दोन महिन्यांत आकडा भराभर खाली आला. मग जानेवारीत तो एका जागी रुतून बसला. तीन आठवडे बाबा काट्यावरून उतरायचे आणि माझ्याकडे असं पाहायचे, जणू काटा मी बनवला होता. शरीर हलकं झालं की त्याला कमी लागतं, म्हणून जेवणाचं ताट आता जरा लहान घेऊ, असं मी समजावलं. त्यांनी ताट लहान घेतलं. आकडा पुन्हा हलला.

जूनच्या सुरुवातीला ते एकशे आठवर आले. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. एकदा बुटांचे बंद बांधताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "अगं, मला माझे गुडघे दिसतायत."

पण रात्री जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "मी इतका हलका झालो, तर मला ओढून नेतील का गं?"

ते शक्य होतं. नुसतं वजन पाहिलं तर तेच व्हायला हवं होतं. पण बाबा आता किती खाली वाकू शकतात हे मी पाहिलं नव्हतं, म्हणून म्हणाले, "बघूया."

त्याच आठवड्यात क्लाइवने सगळ्यांना पुन्हा गोठ्यात बोलावलं. बाबा हजामत करून, स्वच्छ शर्ट घालून गेले. मीही गेले. मनातल्या मनात मी हिशेब करून ठेवला होता: सहाशे सहासष्टातून तेहतीस गेले, राहिले सहाशे तेहतीस. सात किलो हातात.

आठही जण काट्यावर चढले. आकडा डुलला आणि थांबला. सहाशे एकोणसाठ.

क्लाइव म्हणाला, "बर्नी, तेहतीस म्हणालास ना?"

"तेहतीसच."

"इथे तर सातच दिसतायत."

"तुझा काटा बिघडला असेल."

"याच काट्यावर मी काल बैल विकलाय. बिघडला असेल तर तसं मोठ्याने बोलू नकोस."

"घरचा काटा लाड करतो रे," दुसरा कुणीतरी म्हणाला. बाबांचा चेहरा धुरांड्यातून बाहेर काढल्यासारखा झाला. माझ्याकडेही त्यांनी एकदा शंकेने पाहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"बाबा, तुम्ही एकटे खाली उतरा," मी म्हणाले.

ते उतरले. आकडा झाला पाचशे एक्कावन्न.

"सहाशे एकोणसाठमधून पाचशे एक्कावन्न वजा करा, क्लाइवकाका. एकशे आठ. बाबांचे तेहतीस खरे आहेत. ऑक्टोबरात बाबांशिवाय तुम्ही सात जण पाचशे पंचवीस होतात. आता पाचशे एक्कावन्न आहात."

काट्यावरच्या सातही जणांनी खाली आपापल्या पोटांकडे पाहिलं.

"सव्वीस किलो?" क्लाइव म्हणाला. "आम्ही? कसे?"

मला खरंच कळेना. तेव्हा बाबा घसा खाकरून म्हणाले, "केक टाकून द्यायला जीव होईना."

मी आठ महिने फक्त बाबांना मोजत होते. कागदात गुंडाळलेले ते तुकडे पुढे कुठे जातात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते जात होते बुधवारी आणि शनिवारी सरावाला, बाबांच्या डब्यातून. सराव संपला की सगळे भुकेले असायचे. शिवाय बर्नी बारीक होतोय म्हणजे आता जागा आहे, असंही प्रत्येकाला मनातून वाटत होतं. आठ जणांमधलं वजन कुठे गेलंच नव्हतं. त्याने फक्त माणसं बदलली होती.

एकेकाला वेगळं तोललं. सगळ्यात जास्त वाढला होता क्लाइव, सात किलो.

"ते जाऊ द्या," क्लाइव घाईने म्हणाला. "आता करायचं काय? महिना राहिलाय." मग त्याची नजर कॉलिनकडे गेली. तो दारापाशी कुत्र्याशी खेळत होता. त्याचं वजन ऐंशी. पाचशे एक्कावन्न अधिक ऐंशी, सहाशे एकतीस. हा हिशेब गोठ्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी केला.

बाबांनीही केला. ते गवताच्या गठ्ठ्यावर बसले आणि सरावाच्या बुटांचे बंद सोडू लागले. "कॉलिन चांगला आहे," ते म्हणाले. "त्याला घ्या. मला राग नाही."

"ज्याने तेहतीस उतरवले त्याला काढायचं?" माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा आला.

"मी कुठे काढतोय? तोच..." क्लाइव म्हणाला.

"कुणाला काढताय?" वासरांच्या दुधाची बादली घेऊन ग्लेनिस दारात उभी होती. तिने काट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि हे सात किलो कुणाचे म्हणालात?"

बाकी सगळ्यांनी क्लाइवकडे बोट दाखवलं.

"माझ्या छपराखाली?" ग्लेनिस म्हणाली. "अर्धं गाव मी बारीक केलं, आणि माझा नवरा गोठ्यात लपून केक खातो?"

"लपून नाही गं. सगळ्यांबरोबर."

"मंगळवारी सातही जण सभागृहात. वेळेवर. बर्नी, तू बूट घाल परत."

"मी पण येऊ?"

"तुला काय करायचंय तिथे?"

मंगळवारी ग्लेनिसकाकूंनी मला काट्यापाशी बसवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सात धिप्पाड माणसं छोट्या खुर्च्यांवर ओळीने बसली होती. पहिला उठला आणि गटाच्या नियमाप्रमाणे अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "कॉफी केक. मिसेस ऑलसॉपच्या हातचा. बहुतेक दर आठवड्याला."

मिसेस ऑलसॉप दुसऱ्या रांगेत होत्या. सगळ्या माना तिकडे वळल्या. पण दुसरा उठला होता आणि त्याने आल्याच्या केकचं नाव घेतलं, तिसऱ्याने लिंबाच्या. प्रत्येक केकबरोबर पत्ता होता. पाचव्याला बसवायला ग्लेनिसकाकू उठल्या, तोवर सभागृहात मान खाली न घातलेली एकही बाई उरली नव्हती. बाबांनी आठ महिने पोटात ठेवलेलं सगळं दहा मिनिटांत बाहेर आलं.

"ईस्टरपासून पिठाला हात नाही, नाही का?" शेजारची बाई मिसेस ऑलसॉपना म्हणाली.

"तुझा लिंबाचा कुणी भाजला? मांजराने?" मिसेस ऑलसॉप म्हणाल्या, आणि मग पहिल्या माणसाकडे वळल्या. "मऊ होता का रे? एवढं खरं सांग."

"लोण्यासारखा."

"मग मला काही म्हणायचं नाही."

हसणं थांबेपर्यंत ग्लेनिसकाकूंना चष्मा दोनदा पुसावा लागला. त्यानंतर गावात केक जवळजवळ बंदच झाले. बाबांपुढे घरोघरी उकडलेली अंडी येऊ लागली.

जुलैच्या मेळाव्यात पंचांनी तोललं, तेव्हा सातांनी मिळून अठरा किलो घालवले होते आणि बाबांनी आणखी तीन. सहाशे अडतीस. क्लाइवने आभाळाकडे पाहून श्वास सोडला आणि बाबांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

समोर पलीकडच्या खोऱ्यातला संघ होता. त्यांचा शेवटचा गडी बाबांना दरवर्षी पाहणारा. तो ओरडला, "काय रे बर्नी, बाकीचा कुठे ठेवलास?"

"व्हॅनमध्ये," बाबा म्हणाले आणि त्यांनी दोर खांद्यावर घेतला. मी मैदानाच्या कडेच्या दोरीबाहेरून पाहत होते.

पंचाचा हात खाली आला. पहिल्या झटक्याला आमचे सात जण फूटभर पुढे घसरले आणि सगळा भार मागे आला. पूर्वी अशा वेळी बाबा नुसते उभे राहायचे, जरासे मागे रेललेले. पोटामुळे त्याहून खाली जाता यायचं नाही. आता ते गेले. गुडघे वाकवून, पाठ जमिनीला टेकेल की काय इतके तिरपे झाले, टाचा मातीत खोल गेल्या, आणि दोर थांबला. शरीर जितकं खाली, तितका ओढणारा जोर टाचांवाटे जमिनीत जातो, हे मला कागदावर दाखवता आलं असतं. पण त्या क्षणी मी दोन्ही मुठी तोंडात घालून उभी होते.

"धर, बर्नी!" क्लाइव पुढून किंचाळला.

"धरलाय की! तुम्ही ओढा ना!"

त्यांनी ओढलं. एक पाऊल, मग दुसरं. समोरचे एकदम सुटले आणि आमचे आठही जण एकमेकांच्या अंगावर मागे कोसळले. सगळ्यात खाली बाबा होते आणि खालून त्यांचं हसू ऐकू येत होतं.

दुसरी फेरी आम्ही हरलो. बाबांचा पाय ओल्या गवतावर निसटला. तिसऱ्या, निर्णायक फेरीच्या आधी पंच विचारायला आला, कारण तेव्हा गडी बदलता येतो. त्याने बाबांकडे आणि मग बाजूला उड्या मारत उभ्या असलेल्या ताज्या दमाच्या कॉलिनकडे पाहिलं.

"शेवटचा गडी बदलताय?"

पकड घट्ट बसावी म्हणून क्लाइव हाताला राळ चोळत होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"कशाला?" तो म्हणाला.

मागे बाबा आधीच जागेवर जाऊन उभे होते आणि टाचेने गवतात नवा खड्डा करत होते.