वाणातली काळी बॅटरी

किरणकुमारने पिशवीतून बॅटरी काढली आणि शकुंतलाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. काळी! अधिक महिन्याच्या वाणात, जावयाच्या हातात द्यायला, काळीकुट्ट बॅटरी!

"अरे, डोळे कुठे ठेवून गेला होतास?"

"अॅल्युमिनियमची आहे आई, मजबूत. काळीच मिळाली." वाणात अनारशांबरोबर चांदीचा दिवा द्यायचं ठरलं होतं. पण धाकटे जावई उपेंद्रराव म्हणाले, दिवा कपाटात पडून राहतो, रात्रपाळीला बॅटरी तरी कामाला येईल. आता तासाभरात ते आणि धाकटी लेक भव्या जे. पी. नगरहून पोचणार होते.

तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात थोरल्या जावयाला, विश्वेश्वरला, अशीच छत्री दिली होती. तीही काळी. दोन महिन्यांत त्याच्या स्कूटरला लॉरीने उडवलं आणि रक्षिता माहेरी परत आली. शकुंतलाबाई कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, पण माणूस आपल्या हाताने गेला हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

"तापवली की हा रंग उतरतो," किरण म्हणाला. "कारखान्यात पाहिलंय मी. तांबूस होते. पण गेलेला रंग परत येत नाही हं."

"जाऊ दे मेला! लाव गॅस."

"सरी, लावतो." त्याने सेल, काच, बल्ब, रबर सगळं काढलं. नुसती नळी सळईत अडकवून तो भरताचं वांगं भाजावं तशी जाळावर फिरवू लागला. शकुंतलाबाई शेजारी देवाचं नाव घेत उभ्या. कितीतरी वेळ काही होईना. मग एका अंगाला कॉफीचा रंग आला, मग तांब्याचा. बाईंना जरा श्वास घेता आला. पण मागच्या टोकाला बोटभर पट्टा काळाच राहिला.

"तिथेही धर."

"पुरे आई. जास्त तापली तर मऊ पडेल, आटे बसायचे नाहीत."

"धर म्हणते ना!" त्या अशा किंचाळल्या की किरणने घाबरून नळी पुन्हा जाळात घातली.

"काय जाळताय एवढं?" दारात रक्षिता उभी होती.

तिला पाहिलं आणि बाईंचा बांधच फुटला. छत्री, काळा रंग, सगळं बोलून गेल्या. "मीच घालवलं गं त्यांना!"

रक्षिता भिंतीला टेकली. "आई, ती छत्री त्यांनी एकदाही वापरली नाही. काळी म्हणून मलाच भीती वाटली. तिसऱ्या दिवशी देवळाबाहेर एका म्हातारीला देऊन टाकली. भिऊन काय झालं? कोण वाचलं?"

किरणने गॅस बंद केला, नळी पाण्यात बुडवून गार केली, पुसली, सेल भरले आणि बॅटरी अनारशांच्या ताटात ठेवली. पट्टा काळा तो काळाच.

बाहेर रिक्षा थांबली. रक्षिता मुकाट्याने आतल्या खोलीकडे वळली. शुभकार्याला माणसं आली की ती तिथेच बसायची, कुणी न सांगता.

शकुंतलाबाईंनी ताट उचललं आणि तिच्या हातात दिलं. "वाण तू दे."

"मी?" रक्षिताने ताट परत पुढे केलं. "नको आई. माझ्या हाताने नको. उपेंद्ररावांना काही झालं तर?"

शकुंतलाबाईंनाही तीच भीती वाटत होती. पण त्यांनी ताट परत घेतलं नाही.