अस्तरातली वजनं

पोटाच्या कॅन्सरची केमो सुरू झाली, तेव्हापासून शिंपीमास्तरांना एकच धास्ती होती. वजन उतरलं की उपचार बंद करतात म्हणे! डॉक्टर तसं काही बोलले नव्हते. रांगेत बसल्या बसल्या कुजबुज कानावर आली होती, एवढंच.

बायको गेलेली, लेक दूरदेशी. उलटी आली की बादली आणि देवाचं नाव, दोघंच सोबतीला. देव ऐकतो हे खरं. पण पाठ चोळायला त्यालाही माणसाचेच हात लागतात. मळमळीची गोळी मास्तर उलटी झाल्यावरच घ्यायचे. उगाच कशाला वाया घालवा? मग पुढच्या उलटीत तीही जायची.

शेवटी, जाड पडद्यांच्या काठात घालतात तशी शिशाची वजनं त्यांनी कोटाच्या अस्तरात शिवली. टाका इतका बारीक, की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. पण दाखवणार कुणाला?

वॉर्डातल्या काट्यावर आकडा मागच्याइतकाच आला.

"वा मास्तर, मानवलंय की! उलट्या?" सिस्टरनं विचारलं.

"छे हो. देवाची कृपा."

"मग डोस तेवढाच. वजन बघूनच ठरतो तो."

मास्तर चपापले. "म्हणजे, वजन घटलं तर बंद नाही करत?"

"आधी डोस मापात आणतात. माप चुकलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायचं?"

मास्तरांनी कोट उतरवून तिच्या हातात दिला. हात खालीच गेला तिचा.

"अगं बाई! धोंडे भरलेत का यात?"

"शिसं," मास्तर म्हणाले, आणि मान खाली घालून उलट्यांचंही सगळं सांगून टाकलं.

"घरी कोण असतं?"

"देव."

"तो गोळीची आठवण करतो का? उलटीची वाट बघायची नाही, काका. गोळी आधी, जेवण मागून. गरम नको, वासानंच ढवळतं. गार, थोडं थोडं खा. तरी झालीच, तर या नंबरवर फोन करा."

डॉक्टरांनी डोस कमी केला, गोळीही बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आधी गोळी गिळून, गार भाताची वाटी घेऊन बादलीशेजारी बसले. चार घास गेले. पोट ढवळलं, तोंडात पाणी आलं, आणि मळमळ तिथंच थांबली. ते वाट बघत राहिले. काही झालं नाही. लेकीकडे आता मध्यरात्र असणार. त्यांनी नंबर फिरवला.

"सिस्टर, मी शिंपीमास्तर."

"अरे देवा! किती वेळा झाली?"

"एकदाही नाही."

"मग फोन कशाला केलात, काका?"

"हेच सांगायला," मास्तर म्हणाले, आणि ती काही बोलेपर्यंत फोन कानाला धरून बसले.