डब्याचं दार

मंगळावर कायमचं राहायला जायचं असं व्हर्ला स्टॉटने ठरवलं तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती, आणि एमरी काउंटीच्या रुग्णवाहिकेवर तिची अर्धी हयात गेली होती. खाणीत चेंगरलेले हात, दरीत कोसळलेल्या जीप, रस्त्याच्या कडेला झालेली बाळंतपणं, सगळं तिने पाहिलं होतं. एका खासगी कंपनीने मंगळावर वस्ती करायला माणसं मागवली. परतीची सोय नाही, हे आधीच सांगून टाकलं होतं. व्हर्लाने अर्ज केला, तिची निवडही झाली, आणि मग फेरन गावातल्या घरी जाऊन आईला सांगायची वेळ आली.

आर्डिथबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"तुझ्या पणजीच्या आईने हातगाडी ओढत हा मुलूख गाठला, त्याचं वारं तुझ्या अंगात शिरलंय," त्या म्हणाल्या. "पण बाई गं, तिला इथे पोचल्यावर श्वास घ्यायला हवा तरी होती."

"हवा आम्ही तयार करणार आहोत, आई."

"करा. उरली तर मला दोन बाटल्या पाठव."

व्हर्लाने उरलेले बटाटे सोलायला घेतले.

जाण्याआधी परीक्षा होती. हँक्सव्हिलपलीकडच्या लाल उजाड माळावर कंपनीने एक बंदिस्त घर उभारलं होतं. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव होतं, राहणारे त्याला डबाच म्हणत. चार माणसांनी त्यात वर्षभर राहायचं, आतच पिकवायचं, तेच पाणी गाळून पुन्हा प्यायचं. बाहेरच्यांशी बोलणं निरोपांनीच, आणि मंगळाच्या अंतराइतका उशीर मुद्दाम लावलेला. इथून निघालेला निरोप वीस मिनिटांनी पोचायचा, उत्तर यायला आणखी वीस. दार एकदा बंद झालं की वर्ष संपेपर्यंत उघडायचं नाही. कोणत्याही कारणाने उघडलं तरी परीक्षा रद्द. पैसे घालणारे लोक याच परीक्षेकडे डोळे लावून बसले होते.

वर्ष सुरळीत चाललं. प्रमुख होती मारिसेला किंताना, पूर्वी नौदलात पाणबुड्यांवर काम केलेली. कमी बोलायची, आणि बोलली की तो हुकूमच असायचा. वेंडेल रोपं सांभाळायचा. टोबायस रेनर यंत्रं बघायचा. टोबायस ओहायोचा, पस्तिशीचा, हाडाचा काटकसरी. मंगळाचं वेड त्याला लहानपणापासून. पाण्याच्या वापरात त्याचा आकडा नेहमी सगळ्यांत कमी असायचा आणि कंपनीचा माणूस हॅल्डेन त्याची पाठ थोपटायचा.

वर्ष संपायला थोडेच आठवडे उरले असताना, सकाळच्या न्याहारीला टोबायस टेबलावरून उठला तो सरळ जमिनीवर कोसळला. उजव्या कुशीत कळ, तिथून खाली ओटीपोटात. ओकाऱ्या थांबेनात. व्हर्लाने पोट चाचपलं, ताप पाहिला. ताप थोडासाच होता. आतडं असेल, अपेंडिक्स असेल, आणखीही काही असेल. आत बघायचं यंत्र डब्यात नव्हतं. वजनाच्या हिशेबात कंपनीने ते कापून टाकलं होतं.

तिने कळ थांबवायचं औषध दिलं. उतार पडला नाही. दुपारपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

मारिसेलाने निरोप पाठवला. उत्तराची वाट बघत सगळे टोबायसच्या बिछान्याभोवती बसून राहिले. शेवटी हॅल्डेनचा आवाज आला. शांत, सभ्य आवाज. तो म्हणाला की तुमची काळजी आम्हालाही आहे, आणि दार काही आम्ही बाहेरून बंद केलेलं नाही. पण मंगळावर असता तर जे केलं असतं तेच करा, एवढीच विनंती.

व्हर्ला उठली. "तिथे असतो तर हा कदाचित मेला असता आणि आपण त्याला पुरलं असतं," ती म्हणाली. "मी इथे आहे. आणि इथून इस्पितळ दोन तासांवर आहे."

"व्हर्ला." टोबायसने तिचं मनगट धरलं. हात घामाने थबथबला होता. "उघडू नकोस. माझ्यामुळे नको. उघडलंस तर जन्मात माफ करणार नाही तुला."

"माफ करायला जगावं लागतं," व्हर्ला म्हणाली आणि तिने मनगट सोडवून घेतलं.

मारिसेला दारापाशी जाऊन उभी राहिली होती. तिला बाजूला करायचं तर धक्काच द्यावा लागला असता. ती म्हणाली, "नक्की काय झालंय ते तुला माहीत नाही. उद्या साधं पोट बिघडलेलं निघालं तर?"

"तर निघेल."

"चार माणसांचं वर्ष जाईल. कदाचित सगळंच जाईल. आणि हे तुझ्या नावावर लागेल."

"माझ्याच नावावर लाव."

मारिसेला बाजूला झाली आणि स्ट्रेचरचं दुसरं टोक तिनेच उचललं.

दार उघडल्यावर भोंगा वाजला. बाहेरची हवा इतकी कोरडी, इतकी मोकळी होती की वेंडेल तिथेच खाली बसून रडायला लागला. रखवालदाराच्या गाडीतून त्यांनी टोबायसला ग्रीन रिव्हर गावापर्यंत आणलं. पुढे रुग्णवाहिका भेटली, तीत व्हर्लाचेच जुने सोबती. त्यातला एक म्हणाला, "मंगळावरून लवकर आलीस गं." तिने त्याला सलाइन धरायला लावलं.

प्राइस गावच्या इस्पितळात निदान झालं. मुतखडा. डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आहे, पाणी पीत राहिला असता तर एकदोन दिवसांत आपोआप पडला असता.

व्हर्लाने ते उभ्यानेच ऐकलं. मग ती टोबायसच्या खोलीत गेली. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तसाच तो बोलला, आणि जे बोलला त्याने तिचं डोकं फिरलं. कित्येक महिने तो वाट्याचं अर्धंच पाणी पीत होता. आकडा चांगला दिसावा म्हणून. उरलेलं गुपचूप टाकीत परत ओतायचा.

"आणि मी पोट चाचपत होते तेव्हा हे सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"लाज वाटली," तो म्हणाला.

ती बाहेर आली. गाड्यांच्या तळावर तिने बराच वेळ येरझारा घातल्या.

कंपनीने चौकशी बसवली. आपण चुकलात असं वाटतं का, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली की निदान करता आलं नाही, ती चूक खरी. पण दार उघडलं ती चूक नव्हे, आणि तशीच वेळ आली तर पुन्हा उघडेन. तिला यादीतून काढून टाकलं.

ती परत रुग्णवाहिकेवर रुजू झाली. आईला वाटलं, खूळ गेलं. पण सुट्टीच्या दिवशी व्हर्ला प्राइसच्या इस्पितळात जायला लागली. पोटावर यंत्र फिरवून आतलं कसं बघतात ते शिकायला. पन्नाशीला टेकलेली बाई विशीतल्या पोरींच्या रांगेत बसायची. पडद्यावरच्या करड्या डागांमध्ये तिला सुरुवातीला काहीच दिसत नसे. ती पुन्हा पुन्हा बघे, चुके, पुन्हा बघे. पुढेपुढे दिसायला लागलं.

दुसऱ्या परीक्षेची तयारी सुरू झाली तेव्हा मारिसेलाने हॅल्डेनला कळवलं की व्हर्ला नसेल तर दुसरी प्रमुख शोधा. हॅल्डेनने व्हर्लाला बोलावलं. यावेळी दार उघडणार नाही, एवढा शब्द दे, म्हणाला.

"आत बघायचं यंत्र द्या," व्हर्ला म्हणाली. "मग आधी बघेन, असा शब्द देते. गरज पडली तर उघडेनच."

"आणि तिथे? तिथे दार उघडून जाणार कुठे?"

"तिथे नाही उघडणार. म्हणून तर इथे शिकायचं, दाराबाहेर न जाता किती माणसं वाचवता येतात ते. एकाला मरू देऊन ते कसं शिकणार?"

काही आठवड्यांनी यंत्र मंजूर झालं, आणि तिचं नावही.

डब्यात शिरायच्या दिवशी आर्डिथबाई फेरनहून आल्या. हातात पीचच्या मुरंब्याची बरणी. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असं रखवालदाराने सांगितल्यावर त्यांनी चमचे मागवले आणि सगळ्यांना तिथेच उन्हात उभं करून खायला लावलं. टोबायसही तुकडीत होता.

"मी अजून विसरलेलो नाही," तो व्हर्लाला म्हणाला.

"नको विसरूस. यावेळी मात्र तुझ्या पाण्यावर नजर माझी."

त्याला हसू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

त्या वर्षी एकदा मारिसेलाचं पोट दुखलं. व्हर्लाने यंत्र फिरवलं, पित्ताशयातले खडे पाहिले, नळीला सूज नाही याची खात्री केली आणि औषधावर निभावून नेलं. दार ठरल्या दिवशीच उघडलं.

यान अजून तयार नाही. तारीख दर वर्षी पुढे सरकते, आणि आर्डिथबाई दर वर्षी विचारतात. व्हर्ला सांगते की जायचंच आहे. तोवर हँक्सव्हिलला नव्या तुकड्या येत राहतात, आणि ती त्यांना एकमेकांच्या पोटावर यंत्र फिरवायला शिकवते. ज्याला दिसत नाही त्याला उठू देत नाही.